सुई कॉलमपर्यंत पोचतच नाही

लखनौच्या छत्तर मंजिल या नवाबी वास्तूत १९५१ साली केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. सेंटक्रोमन ही बिगर-हार्मोन गर्भनिरोधक गोळी याच संस्थेची. १९९१ पासून ती ‘सहेली’ आणि पुढे सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ म्हणून मिळू लागली. गोळी घेतल्यावर रक्तात हे औषध मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमच्या घरातच सापडतं. एवढं थोडं एचपीएलसीवर, म्हणजे दाबाखालच्या द्रवातून मिश्रणाचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, मोजायचं, तर नमुना यंत्रात कसा शिरतो यालाच महत्त्व येतं.

सिरिंजचा दट्ट्या दाबला की नमुना थेट कॉलममध्ये, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीत, जातो, असं अनेकांना वाटतं. सुरुवातीच्या यंत्रांत रबरी पडद्यातून सुई टोचत. पण दाब वाढला की पडदा गळे. आज मध्ये सहा तोंडांचा व्हॉल्व्ह असतो. ‘लोड’ स्थितीत पंपाचा प्रवाह परस्पर कॉलमकडे जातो आणि नमुना स्टीलच्या बारीक नळीत, म्हणजे लूपमध्ये, साध्या हवेच्या दाबाला थांबतो. दांडा ‘इंजेक्ट’कडे फिरवला की दोनशे बारचा प्रवाह त्या लूपमधूनच वळतो. सांधा बदलताच लूप लाइनवरची गाडी मुख्य मार्गाला लागावी, तसं.

लूप २० मायक्रोलिटरचा असेल तर २० भरले की झालं, हा समज जास्त फसवा. बारीक नळीत मधला द्रव सरासरीच्या दुप्पट वेगाने धावतो, कडेचा रेंगाळतो. त्यामुळे मोजून २० भरले तरी थोडा नमुना टाकाऊ द्रवाच्या नळीत निसटतो आणि कडेला जुनं द्रावण उरतं. एकतर लूप निम्म्यापेक्षा कमी भरावा, नाहीतर त्यातून काही पट नमुना वाहू द्यावा. सुईही टोकदार नको, सपाट कापलेली हवी. टोक व्हॉल्व्हचं सील ओरखडतं.

नमुने आपोआप भरणारा ऑटोसॅम्पलर आला म्हणजे चुका संपल्या, असंही नाही. सुईला चिकटलेला आधीचा नमुना पुढच्या इंजेक्शनमध्ये उतरतो. सेंटक्रोमनचं रक्तातलं अर्धायुष्य सुमारे आठवड्याचं, म्हणून शेवटच्या दिवसांचे नमुने फार विरळ असतात. तिथे हा उरलासुरला अंश मिसळला, तर औषध प्रत्यक्षापेक्षा जास्त काळ टिकतं असं दिसेल. म्हणूनच सर्वांत तीव्र प्रमाणित द्रावणानंतर कोरा नमुना चालवतात. त्यात दिसणारा पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, मोजता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाच्या पीकच्या २० टक्क्यांहून मोठा नसावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.