गाडी लीजवर: महिन्याच्या भाड्यापलीकडचा हिशेब

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांमध्ये पगार एका पातळीच्या वर गेला, की एचआरकडून एक मेल येतो: नवी गाडी घ्या, डाउन पेमेंट नको, वर करही वाचवा. सोबतच्या तक्त्यात दोन रकाने असतात, कर्ज आणि लीज, आणि लीजच्या रकान्याखाली काही लाखांची बचत ठळक अक्षरांत छापलेली असते. घरी विषय काढला की वडीलधारी मंडळी म्हणतात, भाड्याच्या गाडीत एवढा पैसा कशाला घालायचा? दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे. लीज परवडते की नाही, हे ठरतं करारातल्या दोन कलमांवर: मुदत संपल्यावर गाडी कोणाला आणि किती रुपयांना, आणि मुदतीआधी सोडावी लागली तर भुर्दंड किती. महिन्याचा आकडा त्यानंतर बघायचा.

«लीजची गाडी म्हणजे काळ्या पाटीची भाड्याची गाडी»

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात ती १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली चालणाऱ्या, स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांवर. तीन-चार वर्षांच्या लीजवर घेतलेली गाडी साध्या खासगी गाडीसारखी पांढऱ्या पाटीची असू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे आरसीवर लीजची नोंद होते, जशी कर्जाच्या गाडीवर बँकेचं नाव चढतं तशीच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असताना कोणाला फरकही कळणार नाही.

नोंदणी कोणाच्या नावावर होते, हा प्रश्न मात्र महाराष्ट्रात पैशांचा आहे. पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावावर घेतली तर किमतीनुसार ११ ते १३ टक्के एकरकमी वाहन कर लागतो, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. हा जास्तीचा कर लीज कंपनी स्वतःच्या खिशातून भरत नाही, तो भाड्यात मुरवलेला असतो. म्हणून कोटेशन हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारावा: आरसी कोणाच्या नावावर?

«मालक कंपनी आहे, म्हणजे जबाबदारीही तिचीच»

हा गैरसमज महागात पडू शकतो. एकाच गाडीला कायदा दोन वेगळे मालक मानतो. प्राप्तिकराच्या दृष्टीने मालक असते लीज देणारी कंपनी. घसाऱ्याची वजावट तिलाच मिळते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आयसीडीएस या लीजिंग कंपनीच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. मोटार वाहन कायद्यात मात्र ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येतच, कलम २(३०) मध्ये, लिहिलंय की लीज किंवा हायपोथिकेशनच्या गाडीचा मालक म्हणजे करारानुसार ती ज्याच्या ताब्यात आहे तो. म्हणजे तुम्ही. ई-चलन, पीयूसी, विम्याचं नूतनीकरण, अपघातानंतरची पोलीस ठाण्याची फेरी, सगळं तुमच्या वाट्याला. करारात देखभाल आणि विमा कंपनीकडे असेल तर खर्च ती करेल, पण विमा संपलेला असताना गाडी रस्त्यावर काढली तर ‘गाडी कंपनीची आहे’ ही सबब चालणार नाही.

«भाडं हप्त्यापेक्षा कमी, म्हणजे लीज स्वस्त»

इथे जरा थांबून आकडे मांडू. उदाहरण कागदावरचं आहे, पण अशाच कोटेशनांशी तुमची गाठ पडेल. गाडी लहान पेट्रोल, रस्त्यावर येईपर्यंत किंमत १० लाख. पूर्ण रकमेचं कर्ज ९ टक्क्यांनी ४८ महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता २४,८८५ रुपये. लीजचं भाडं धरू १८,००० आणि त्यावर जीएसटी. लीजच्या भाड्यावर जीएसटीचा दर त्या गाडीच्या खरेदीवर लागतो तोच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांना तो १८ टक्के आहे, मोठ्या गाड्यांना ४० आणि इलेक्ट्रिकला ५. म्हणजे आपल्या गाडीचं भाडं झालं २१,२४०. हप्त्यापेक्षा साडेतीन हजारांहून जास्त कमी. विमा आणि देखभाल दोन्हीकडे वेगळी धरू.

चार वर्षांत कर्जापोटी जातील ११ लाख ९४ हजार. पण गाडी हातात राहते. ती तेव्हा ५ लाखांना विकली गेली असं धरलं, तर गाडी वापरण्याचा खरा खर्च ६ लाख ९४ हजार. लीजवाल्याचे १० लाख २० हजार जातात आणि गाडी परत. स्वतःहून, नोकरीशी संबंध नसताना लीज घेणाऱ्याला ही गाडी सव्वातीन लाखांनी महाग पडली, दरमहा कमी भरूनही.

एक गोष्ट या हिशेबात दिसत नाही ती अशी: कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. लीजमध्ये कंपनीने गुंतवलेल्या पैशाचं व्याज भाड्यातच मिसळलेलं असतं आणि सगळ्या भाड्यावर जीएसटी लागतो. ४० टक्क्यांच्या मोठ्या एसयूव्हीवर हा फरक फार जाणवतो, आणि नेमक्या त्याच गाड्यांची लीज जोरात खपवली जाते.

आता तीच गाडी नोकरीच्या कंपनीमार्फत घेऊ. भाडं पगारातून, कर कापण्याआधी वजा होतं. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांनुसार १.६ लिटरपर्यंतची गाडी काही कामासाठी, काही घरगुती वापरासाठी असेल आणि इंधन-देखभाल कंपनी करत असेल, तर करासाठी पगारात महिन्याला फक्त १,८०० रुपये धरले जात. मोठ्या इंजिनाला २,४०० आणि ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. या दराने आपल्या उदाहरणात दरमहा १९,४४० रुपये करातून सुटतात. ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर भरणाऱ्याचे चार वर्षांत २ लाख ९१ हजार वाचतात. खर्च उतरतो ७ लाख २८ हजारांवर, तरी कर्जापेक्षा चौतीस हजारांनी जास्तच. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे, तेव्हा पगारात धरायचा आताचा आकडा पगार विभागाकडून लेखी घ्या. तो १,८०० पेक्षा जितका मोठा, तितकी ही बचत लहान.

सगळं पारडं फिरतं ते पुढे. करारात गाडीची रेसिड्युअल व्हॅल्यू, म्हणजे मुदतीनंतरची ठरलेली किंमत, ३ लाख असेल आणि त्या किमतीला गाडी घ्यायची मुभा तुम्हाला असेल, तर बाजारात ५ लाखांच्या गाडीत २ लाख तुमचे. मग लीज कर्जापेक्षा १ लाख ६६ हजारांनी स्वस्त पडली. तेच कलम ‘गाडी परत करावी किंवा तेव्हाच्या बाजारभावाने घ्यावी’ असं असेल तर फायदा शून्य. एचआरच्या तक्त्यात हे दोन लाख बहुतेक वेळा गृहीत धरलेले असतात. करारात तसं लिहिलंय का, ते आपणच पाहायचं. शिवाय गाडी नोकरीच्या कंपनीच्या मालकीची असून तिने ती स्वस्तात तुमच्या नावावर करून दिली, तर दरवर्षी २० टक्के घसारा काढून उरणाऱ्या किमतीतून तुम्ही दिलेले पैसे वजा जाता जो फरक राहतो, तो पगारात धरून त्यावर कर लागतो. हे कोणी आधी सांगत नाही.

«नव्या कररचनेत लीजचा फायदा गेला»

गेलेला नाही. नव्या रचनेत घरभाडं, ८०सी वगैरे सवलती गेल्या, पण कंपनीने दिलेल्या गाडीचं मूल्य कसं मोजायचं हा नियम सवलतींच्या यादीतला नव्हे, त्यामुळे तो टिकून आहे. पण नव्या रचनेत कर्मचारी विसरतात ते वेगळंच. २०२५-२६ च्या दरांनुसार ३० टक्के कर २४ लाखांच्या वरच्या उत्पन्नावर लागतो, १२ ते १६ लाखांच्या टप्प्यात तो १५ टक्केच आहे. त्या टप्प्यातल्या माणसाची वरच्या उदाहरणातली बचत निम्मी, दीड लाखाच्याही आत. आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर पगारदाराला करच नाही, मग वाचणार काय? अशा तरुण मुलांनाही ‘टॅक्स बेनिफिट’ म्हणून लीज दाखवली जाते, हे मला अजिबात पटत नाही.

आणि पगारात धरायचा तो सवलतीचा आकडा लागू होतो गाडी अंशतः तरी ऑफिसच्या कामाला वापरली तरच. पूर्णपणे घरगुती वापर असेल तर भाडं आणि चालवण्याचा सगळा खर्च उत्पन्नात धरला जातो.

स्वतःचा धंदा असणाऱ्यांचा गैरसमज जीएसटीचा. भाडं धंद्याच्या खर्चात टाकता येतं हे खरं, पण स्वतःच्या गाडीवरही व्याज आणि १५ टक्के घसारा मिळतोच. भाड्यावरचा जीएसटी वळता करून घेता येईल अशी आशा असेल तर ती सोडावी. चालकासह तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाड्यांवरची ही वजावट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने रोखली आहे, खरेदीवरही आणि लीजवरही. टॅक्सी चालवणं, ड्रायव्हिंग स्कूल असे मोजके धंदे त्याला अपवाद आहेत.

«आवडली नाही तर परत देऊन टाकू»

लॉक-इनच्या काळात गाडी सोडली तर उरलेल्या भाड्यांचा मोठा भाग किंवा फोरक्लोजरची रक्कम भरावी लागते. नोकरी बदलताना हे अंगावर येतं, आणि पुण्या-मुंबईत चार वर्षं एकाच कंपनीत टिकणारे किती? राजीनामा दिला की तीन वाटा: नव्या कंपनीची त्याच लीज कंपनीशी व्यवस्था असेल तर करार तिकडे हलवणं, एकरकमी पैसे भरून गाडी घेणं, किंवा भुर्दंडासह परत करणं. ही रक्कम अंतिम हिशेबातून, म्हणजे नोटीस काळाच्या पगारातून कापायची तरतूदही करारात असू शकते. बंगळुरूला बदली झाली तर आणखी एक काम. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी लीज कंपनीचं ना-हरकत पत्र आधी हवं.

गाडी चोरीला गेली किंवा पुरती मोडली तरी असाच प्रश्न येतो. विमा कंपनी देते आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची घसारा वजा किंमत. एक ते दोन वर्षं जुन्या गाडीला किमतीतून २० टक्के कमी, दोन ते तीन वर्षं जुनीला ३० टक्के. ते पैसे लीज कंपनीला जातात. कराराची उरलेली रक्कम त्याहून जास्त असेल तर वरचे पैसे तुमचे. गाडीची मूळ बिलाची किंमत देणारं रिटर्न-टू-इनव्हॉइस कवच थोड्या जास्त हप्त्यात मिळतं, लीजच्या गाडीला ते घ्यावंच असं माझं मत आहे.

परत करायच्या दिवशी तपासनीस येतो तो फेरफटका मारायला येत नाही. बॉनेट, दरवाजे, मडगार्ड यांवर रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र टेकवत जातो, कारण दुसऱ्यांदा रंगवलेल्या पत्र्यावर थर जाड भरतो. टायरची खोली पाहतो, दोन्ही चाव्या, सर्व्हिस बुक, स्टेपनी, जॅक मागतो. मग ओडोमीटर. वर्षाला बारा हजार किलोमीटरचा करार केलेला माणूस दर महिन्याला सिंधुदुर्गात गावी जात असेल तर मर्यादा कधीच ओलांडलेली असते, आणि जास्तीच्या प्रत्येक किलोमीटरला दर लागतो. ‘वापरातली सामान्य झीज’ म्हणजे किती इंचाचा ओरखडा, हे सही करण्याआधी लेखी मागा. अमेरिकेत १९७६ च्या ग्राहक लीज कायद्याने जास्तीच्या झिजेचे निकष आणि मुदतीआधी सोडण्याच्या अटी करारापूर्वी लिहून द्याव्या लागतात. म्हणून न्यू जर्सीतल्या चुलतभावाचा लीजचा अनुभव चांगला असेल तर तो तिथल्या कायद्याच्या आधारावर आहे. इथे हे सगळं आपण मागून घ्यायचं असतं.

इतकं सांगूनही लीज नकोच असं मी म्हणणार नाही. इलेक्ट्रिक गाडीसाठी तर ती मला सगळ्यात पटते. भाड्यावर जीएसटी ५ टक्केच, आणि चार वर्षांनी बॅटरीची क्षमता किती उरेल, जुन्या गाडीला गिऱ्हाईक कितीला मिळेल, ही धास्ती गाडी परत करण्याच्या करारात लीज कंपनीच्या माथी जाते. इथे मात्र वरच्या उलट, ठरलेल्या किमतीला गाडी घ्यायलाच लावणारं कलम टाळायचं. फक्त बॅटरी भाड्याने घेण्याची योजना वेगळी. एमजीने २०२४ मध्ये विंडसर अशी आणली: गाडी ९ लाख ९९ हजारांपासून, आणि बॅटरीला किलोमीटरमागे साडेतीन रुपये. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे त्यात साडेतीन हजार जातात आणि चार्जिंगची वीज वेगळी. फायनान्स कंपनीच्या करारात महिन्याचे किमान किलोमीटर धरलेले असतील तर गाडी महिनाभर उभी राहिली तरी तेवढे पैसे भरावे लागतात.