सव्वातीन तासांत मोखाड्याचा महिना

पालघर जिल्ह्याच्या पश्चिमेला समुद्रकाठी तारापूर आणि पूर्वेच्या डोंगरात खोडाळा. तारापूरला 1969 मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. तिथली तिसरी आणि चौथी भट्टी प्रत्येकी 540 मेगावॉटची. पूर्ण क्षमतेने चालली, तर एक भट्टी तासाला 5 लाख 40 हजार युनिट वीज देते.

आता खोडाळ्याचा मोखाडा तालुका घेऊ. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 83 हजार. घरटी पाच माणसं धरली, तर साधारण 17 हजार घरं. घराला महिन्याला 100 युनिट मानले, तर सगळ्या घरांना 17 लाख युनिट. एका भट्टीचं हे सव्वातीन तासांचंही काम नाही!

त्यासाठी कोळसा जाळायचा, तर हजार टनांहून जास्त लागेल. नैसर्गिक युरेनियम लागेल 35 किलोच्या आसपास, आणि ते इतकं घट्ट असतं की डोक्यावरच्या एका हंड्यात मावून वर जागा उरेल. खाणीपासूनचा सगळा हिशेब धरला, तरी अणुविजेच्या युनिटमागे सुमारे 12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशाच्या युनिटमागे 820 ग्रॅम.

पण मोखाड्याच्या घरांपुरतं सूर्यानेही भागेल. 13 मेगावॉटची सौरपॅनेल आणि पन्नास-पंचावन्न एकर जमीन पुरे. अणुभट्टी लागते ती मुंबईला, कारखान्यांना, रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रांना. तारापूरच्या एकाच भट्टीइतकी वीज उन्हातून मिळवायची, तर सुमारे 3 हजार मेगावॉटची पॅनेल आणि 12 हजार एकर जमीन हवी. रात्रीसाठी वीज साठवायचा खर्च वेगळाच.

ही जमीन शहरात मिळणार नाही. मुंबईच्या पाण्यासाठी मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात बांधलं गेलं. उद्या विजेसाठीही नजर नाचणी-वरईच्या वरकस जमिनीकडेच वळेल.

अणुविजेचीही किंमत आहे. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. वापरलेल्या इंधनातलं प्लुटोनियम-239 निम्मं व्हायलाच 24 हजार वर्षं लागतात. ते सांभाळायची जबाबदारी पुढच्या शेकडो पिढ्यांवर पडते.

2047 पर्यंत देशाला 1 लाख मेगावॉट अणुवीज हवी आहे. आज ती 9 हजारांच्या आत आहे. हा पल्ला गाठायलाच हवा, कारण थोड्या जागेत अफाट वीज देणारी भट्टी डोंगरातली शेतं वाचवू शकते. मात्र त्यासाठी आणखी एखादं अक्करपट्टी उठवायचं असेल, तर तिथल्या माणसांचं पुनर्वसन भट्टी पेटण्याआधी पूर्ण झालं पाहिजे.