थांबणे हाही उपचार

चेन्नईच्या एग्मोर भागात तीन मोठी सरकारी रुग्णालये आहेत. एक डोळ्यांचे. ते १८१९ साली सुरू झाले आणि जगातल्या सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांत गणले जाते. दुसरे बायकांचे, १८४४ पासूनचे. तिसरे हॉल्स रोडवरचे, लहान मुलांचे. एग्मोर स्थानकावर तामिळनाडूच्या दक्षिण जिल्ह्यांतल्या गाड्या येतात, त्यांतून रुग्णही येतात. अशा रुग्णालयांच्या ओपीडीत सकाळपासून रांग लागते आणि डॉक्टरांपुढचा केसपेपरांचा गठ्ठा दुपारपर्यंत कमी होत नाही. मुंबईच्या केईएममध्ये किंवा पुण्याच्या ससूनमध्ये गेलेल्या कोणालाही हे दृश्य नवे नाही.

अशा गर्दीत ‘रुग्णाशी बोलताना मध्ये थांबा’ असे सांगणे चैनीचे वाटेल. पण डोळ्यांचा रुग्ण, बाळंतपणाला आलेली बाई आणि तापलेले मूल या तिघांचा विचार केला, तर तपासणाऱ्याने कधी गप्प राहायचे आणि कधी अजिबात राहायचे नाही, हे उपचाराइतकेच नेमकेपणाने शिकावे लागते, हे पटते.

वेळ खरोखर किती लागतो?

अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या. रुग्ण आपली तक्रार सांगायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला थांबवत होते. ७४ पैकी फक्त १७ जणांना सुरुवातीचे बोलणे पुरे करता आले. डॉक्टर निर्दय होते म्हणून हे घडले नाही. रुग्णाला बोलू दिले तर तो थांबणारच नाही, ही भीती त्यामागे असते.

ती भीती स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी तपासून पाहिली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३३५ रुग्णांना हवे तितके बोलू दिले आणि गुपचूप वेळ मोजला. रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले. दर १०० पैकी ७८ जणांचे सांगणे दोन मिनिटांच्या आत संपले. पाच मिनिटांहून अधिक बोलणारे फक्त सात निघाले, आणि त्यांनी सांगितलेले महत्त्वाचेच होते, असे त्यांच्या डॉक्टरांचे मत पडले.

आपल्याकडे सरकारी ओपीडीत संपूर्ण तपासणीलाच पुष्कळदा एवढा वेळ मिळत नाही, हे खरे. पण अर्धवट ऐकून लिहिलेल्या गोळ्या घेऊन माणूस आठवड्याने त्याच रांगेत परत उभा राहतो, तेव्हा वाचवलेला वेळ व्याजासकट द्यावा लागतो.

दिसत नसलेल्या माणसापुढे

एग्मोरच्या नेत्ररुग्णालयाचे अधीक्षक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचबिंदूवर केलेली शस्त्रक्रिया जगभर त्यांच्या नावाने ओळखली गेली. काचबिंदूवरचे उपचार तेव्हापासून खूप पुढे गेले, तरी एक गोष्ट बदललेली नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते. हे वाक्य रुग्णाला कोणीतरी सांगावेच लागते.

ते ऐकल्यावर माणसाच्या मनात एकदम इतके काही उसळते की पुढची दोन-चार मिनिटे त्याला काही ऐकू येत नाही. बहुतेक डॉक्टर नेमके त्याच वेळी थेंब किती वाजता घालायचे ते सांगू लागतात. सगळे सांगून झालेले असते आणि घरी गेल्यावर रुग्णाला त्यातले काही आठवत नाही. रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली कर्करोगाच्या रुग्णांसाठी वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. तिच्यात बातमी दिल्यावर रुग्णाच्या भावनेकडे लक्ष देण्याला स्वतंत्र पायरी आहे. उपचाराची आखणी त्यानंतर येते.

डोळ्यांच्या रुग्णाबाबत इथे एक वेगळी काळजी घ्यावी लागते. दिसणाऱ्या माणसाला समोरच्याची मान हलताना दिसते, चेहऱ्यावरची कणव दिसते. ज्याला दिसत नाही, त्याला गप्प बसलेला डॉक्टर आणि उठून गेलेला डॉक्टर सारखाच. म्हणून गप्प होण्याआधी “मी इथेच बसलोय, सावकाश होऊ द्या,” एवढे बोलावे लागते. विचारून मनगटावर हात ठेवावा लागतो, खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज होऊ द्यावा लागतो.

याच रुग्णालयात १९४५ साली देशातली पहिली नेत्रपेढी सुरू झाली. नेत्रदानासाठी साधारणपणे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. म्हणजे नुकताच बाप गेलेल्या मुलाशी समुपदेशकाला त्याच दिवशी, त्याच व्हरांड्यात बोलावे लागते. घड्याळ चालू असताना थांबणे सर्वांत कठीण असते, आणि इथे त्याला पर्याय नसतो. आधी शेजारी बसायचे, नाव विचारायचे, रडणे ओसरू द्यायचे. मगच नेत्रदानाचा विषय काढायचा आणि काढल्यावर पुन्हा थांबायचे, कारण घरातल्यांना एकमेकांकडे पाहून ठरवायचे असते. घाईने मिळवलेला होकार पुष्कळदा थोरल्या काकांच्या एका नकाराने मोडतो.

जिथे गप्प राहणे चुकीचे

बायकांच्या रुग्णालयात सोनोग्राफीची खोली असते. टेबलावर पडलेली बाई पडद्याकडे पाहत नसते. ती तपासणाऱ्याचा चेहरा वाचत असते. डॉक्टर बोलायचे थांबले, यंत्र पोटावर एकाच जागी फिरत राहिले, की तिचा जीव गोळा होतो. पुष्कळदा डॉक्टर फक्त माप घेत असतात. अशा वेळी “माप घेतेय, थोडा वेळ लागेल, सांगते तुम्हाला,” हे एक वाक्य तिच्यासाठी फार मोठे असते. बाळाचे ठोके खरोखरच मिळत नसतील, तर तेही तिला लवकर आणि स्पष्ट सांगायला हवे. त्यानंतरची शांतता तिच्या दुःखासाठी असते. आधीची शांतता मात्र तिला एकटे टाकते.

उपशामक उपचारांत काम करणाऱ्या अँथनी बॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हाच फरक मांडला. एक शांतता अवघडलेली असते. बोलायला सुचत नाही म्हणून आलेली. दुसरी रुग्णाला बोलायला बोलावते. तिसरी केवळ सोबत करते. बाहेरून तिन्ही सारख्या दिसतात, पण रुग्णाला फरक कळतो.

फोनवर तर हा फरक अधिकच जाणवतो. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली ‘स्नेहा’ ही आत्महत्या प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था सुरू केली. अशा हेल्पलाइनवर पलीकडचा माणूस बराच वेळ नुसता श्वास घेत राहतो. ऐकणाऱ्याने फोन ठेवायचा नसतो आणि प्रश्नांचा मारा करायचा नसतो. “मी ऐकतेय, तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या,” असे अधूनमधून सांगायचे असते. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हा प्रश्न मात्र गप्प राहून टाळायचा नाही. तो सरळ विचारायचा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

तीन सेकंद

माणसे एकमेकांशी बोलतात तेव्हा एकाचे वाक्य संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकाच वेळ जातो, असे दहा भाषांच्या एका अभ्यासात २००९ साली दिसले. त्यामुळे तीन सेकंदांची शांतताही आपल्याला अवघड वाटते आणि आपण ती भरून टाकतो.

मुलांच्या बाबतीत ही सवय महागात पडते. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी शाळांच्या वर्गांत पाहिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात. तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. दवाखान्यातही तसेच आहे. “कुठं दुखतंय बाळा?” असे डॉक्टरांनी विचारायचा अवकाश, आई सांगते, “पोटात.” पोटात कधीपासून, शाळेत जायच्या वेळीच का, हे फक्त त्या मुलाला माहीत असते.

देशाच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात २०१९ पासून संवादाचे शिक्षण आले आहे आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी ते त्याआधीपासून शिकत आहेत. वॉर्डात ते टिकायचे असेल तर वरिष्ठांनी राउंडवर ते स्वतः करून दाखवायला हवे. शिवाय प्रत्येक मोठ्या रुग्णालयात वाईट बातमी सांगण्यासाठी दार लागेल अशी एक खोली आणि दोन खुर्च्या हव्यात. व्हरांड्यात उभ्याउभ्या कोणालाच थांबता येत नाही.

आपल्या हातातले कामही थोडे नाही. आईला किंवा मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनी “काय होतंय?” असे रुग्णाला विचारले, तर उत्तर तुम्ही देऊ नका. मनात तीन अंक मोजा. राहिलेले तुम्ही नंतर सांगालच. पण जे फक्त तिला किंवा त्यालाच ठाऊक आहे, ते डॉक्टरांपर्यंत पोचायला तेवढीच जागा लागते.