पाच तासांचे नाटक आणि पंचवीस जीबीची डिस्क

दिवाळी आटोपली की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा मंडई किंवा शंकरपट आणि रात्री नाटक, हा आपला जुना शिरस्ता. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण गावोगावच्या असंख्य नटांचे काम पहाटे पडदा पडला की संपते. मागे काहीच उरत नाही.

गेल्या हंगामात माझ्या मामांनी आपली शेवटची भूमिका केली. मी भाड्याचा कॅमेरा लावून पाचही तास टिपले आणि एचडी चित्र एका साध्या डीव्हीडीवर बसवले. कार्ड दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी हवे होते, म्हणून पुसून परत दिले. घरी सगळे पाहायला बसलो. शेवटच्या प्रवेशात दिवे मंद झाले आणि मामांच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. ते एवढेच म्हणाले, "आवाज त माजाच हाये बाबू, पन तोंड कोनाचा हाये?"

चूक माझी होती आणि ती साध्या भागाकाराची होती. एचडीच्या एका चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. ती सर्व जशीच्या तशी मावत नाहीत. म्हणून एन्कोडर न बदललेला भाग पुन्हा लिहीत नाही, बदल तेवढा लिहितो. एका सेकंदासाठी जितके बिट खर्च होतात, तो बिटरेट. पोत्यात धान ठरलेले. खाणारी तोंडे वाढली की वाटा घटतो, तसेच हे.

पाच तास म्हणजे १८,००० सेकंद. डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट. भागिले तर सेकंदाला जेमतेम २१ लाख बिट मिळतात. एचडीला हा वाटा फार तोकडा. एकपदरी ब्ल्यू-रे डिस्कवर २५ अब्ज बाइट, म्हणजे २०० अब्ज बिट. वाटा येतो सुमारे १.११ कोटी, अर्थात ११ मेगाबिट. त्यातून आवाजाला अर्धा आणि डिस्कच्या किरकोळ खर्चाला अर्धा मेगाबिट काढला की चित्राला १० उरतात. एवढ्यात नाटक चांगले बसते. (संगणक हीच डिस्क २३.३ जीबी दाखवतो. तो १०२४ च्या पटीत मोजतो, घाबरू नये.)

आता बाकीच्या निवडी. एन्कोडर एच.२६४ घ्यावा. एच.२६५ कमी जागेत मावतो, पण साध्या ब्ल्यू-रेच्या ठरलेल्या पद्धतींत तो नाही. चित्र १९२० बाय १०८०, सेकंदाला २५, 'इंटरलेस्ड'. कॅमेराही २५ वरच ठेवावा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि ३० वर काही दिवे लुकलुकताना दिसतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'टू-पास' निवडावे. पहिल्या फेरीत एन्कोडर नाटक नुसते पाहतो आणि दुसऱ्या फेरीत वाटणी करतो: स्थिर संवादाला कमी, नाचगाण्याला जास्त. सरासरी १० आणि कमाल २५ ठेवावी. ब्ल्यू-रेची मर्यादा ४० आहे. वेळ दुप्पट लागतो, तेव्हा काम रात्री लावून झोपावे.

कोणी म्हणेल, आता डिस्क कशाला? एका मोठ्या कंपनीने २०२५ मध्ये अशा डिस्क बनवणे थांबवलेही. पण एकदाच लिहिता येणारी डिस्क चुकून पुसली जात नाही, आणि पुसण्याची किंमत मी मोजली आहे.

या हंगामात आपल्यापैकी जे कोणी कॅमेरा घेऊन बसतील, त्यांना एकच विनंती. डिस्क झाल्यावर सर्वांत अंधारा प्रवेश आणि सर्वांत वेगवान नाच आधी लावून पाहा. चेहरा ओळखू आला, तरच कार्ड पुसा.