तोफखान्यातला वैमानिक

विमान म्हटले की वायुसेना आणि रणभूमी म्हटली की भूसेना, अशी कामांची सरळ वाटणी सामान्य माणसाच्या मनात कायमची झालेली असते. त्यामुळे भारतीय भूसेनेच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचलेला एक सेनानी ऐन उमेदीची काही वर्षे एका इंजिनाचे, नि:शस्त्र असे हलके विमान चालवीत होता, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. जनरल सुनीत फ्रान्सिस रॉड्रिग्ज हे त्या सेनानीचे नाव. गोमंतकीय कुटुंबात, मुंबई मुक्कामी, १९ सप्टेंबर १९३३ रोजी त्यांचा जन्म झाला, शालेय शिक्षण सेंट झेवियर्समध्ये झाले, आणि १९४९ साली, वयाची सोळा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, हा मुलगा देहरादूनला सैनिकी शिक्षणासाठी दाखल झाला.

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी तेव्हा अस्तित्वात यावयाची होती; तिचे पूर्वरूप म्हणजे देहरादूनची संयुक्त सेवा शाखा, आणि तिच्या पहिल्याच तुकडीत रॉड्रिग्ज होते. याच तुकडीतील लक्ष्मीनारायण रामदास पुढे नौदलप्रमुख झाले, निर्मलचंद्र सुरी वायुसेनाप्रमुख झाले, आणि १९९१ साली तिन्ही सेनादलांची सूत्रे एकाच वेळी या तीन सहाध्यायांच्या हाती आली. तिन्ही दलांच्या मुलांना एकत्र वाढविण्याचा प्रयोग किती दूरदृष्टीचा होता, याचे याहून ठळक प्रमाण दाखविता येणार नाही.

२८ डिसेंबर १९५२ रोजी रॉड्रिग्ज तोफखान्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. तोफखान्याची मूळ अडचण अशी की तोफ कोसच्या कोस पल्ला गाठते, पण ती डागणाऱ्या गोलंदाजाला आपले लक्ष्य दिसतच नाही; ते पाहून सांगणारा निरीक्षक आघाडीवर, एखाद्या टेकडीवर वा उंच इमारतीवर बसवावा लागतो. परंतु जेथे टेकडीच नाही, डोळ्यांपुढे उसाचे आणि मक्याचे फड उभे आहेत, अशा पंजाबच्या सपाट मुलुखात निरीक्षकाने बसावे कोठे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून हवाई निरीक्षणाची पथके निर्माण झाली. त्यांतील वैमानिक वायुसेनेचे नव्हते. ते तोफखान्याचेच अधिकारी होते, कारण उडणाऱ्याला तोफ शिकविण्यापेक्षा गोलंदाजाला उडावयास शिकविणे लष्कराला अधिक सोयीचे वाटले.

या कामाची रीत जवळून पाहण्याजोगी आहे. तोफांच्या आसपासच्या शेतात तयार केलेल्या आखूड धावपट्टीवरून वैमानिक उठे, आपल्याच फौजेच्या डोक्यावरून झाडांच्या शेंड्यांलगत विमान नेई, क्षणभर वर चढून लक्ष्य न्याहाळी आणि बिनतारी यंत्रावरून पहिला गोळा मागवी. तो लक्ष्याच्या पलीकडे पडला तर पुढचा अलीकडे घ्यावयाचा. मग या दोहोंमधील अंतर निम्मे-निम्मे करीत गोळा नेमका ठिकाणावर आणावयाचा, आणि तेवढ्यात शत्रूचे लढाऊ विमान दिसलेच तर खाली बुडी मारून झाडांच्या आडोशाने निसटावयाचे. एक हात सुकाणूवर, गुडघ्यावर नकाशा, कानांत गोलंदाजांचा आवाज, असा हा एकट्याचा संसार असे.

रॉड्रिग्ज यांनी १९६४ साली वैमानिकाचे पंख मिळविले आणि १९६९ पर्यंत ते हे काम करीत राहिले. त्यांच्या खात्यावर जमा झालेल्या १६५ हून अधिक उड्डाण-तासांपैकी ६५ तास १९६५ च्या युद्धातील लढाऊ कामगिरीचे आहेत.

यापुढची त्यांची वाटचाल जमिनीवरची आणि पायरी-पायरीची आहे. १९७२ साली विशिष्ट सेवा पदक मिळाले; १९७५ ते १९७७ या काळात अतिउंच प्रदेशातील पर्वतीय ब्रिगेडचे नेतृत्व त्यांच्याकडे होते; त्यानंतर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ डिफेन्स स्टडीजमध्ये अध्ययन, १९८१ साली मेजर जनरलचा हुद्दा, मग कोअरचे आधिपत्य, उपलष्करप्रमुखपद आणि पश्चिम विभागाची सूत्रे, असे टप्पे ओलांडीत १९९० च्या जूनअखेरीस ते लष्करप्रमुख झाले.

तो काळ सुखाचा नव्हता. काश्मीर पेटले होते, आसामात मोहिमा चालू होत्या, तिजोरीत खडखडाट होता, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यामुळे रणगाड्यांपासून तोफांपर्यंत सर्वांच्या सुट्या भागांची चिंता उभी राहिली होती. १९९२ साली एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत सुशासनाशी लष्कराचा संबंध जोडणारी विधाने त्यांनी केली, त्यावरून संसदेत गदारोळ उठला, आणि लोकशाहीत सेनापतीच्या शब्दाला किती काटेकोर मर्यादा असते याचा प्रत्यय सर्वांना आला.

याच कारकिर्दीतला एक निर्णय मात्र फार लांबवर पोहोचला. प्रिया झिंगन या तरुणीने, स्त्रियांना सैन्यात प्रवेश का नाही, अशा आशयाचे पत्र थेट लष्करप्रमुखांना लिहिले, आणि एक-दोन वर्षांत तशी योजना येत आहे, असे उत्तर रॉड्रिग्ज यांनी तिला पाठविले. १९९२ साली ती योजना आली. वैद्यकीय सेवेबाहेरील स्त्री-अधिकाऱ्यांची पहिली तुकडी, झिंगन यांच्यासह, मार्च १९९३ मध्ये सैन्यात दाखल झाली.

तोफखान्याच्या पदरी वाढलेली हवाई पथके दरम्यान स्वतंत्र झाली होती. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअरची स्थापना झाली, ऑस्टर आणि कृषक या विमानांच्या जागी चेतक, चीता ही हेलिकॉप्टरे आली, आणि नाशिकच्या गांधीनगर येथे या दलाचे प्रशिक्षण विद्यालय उभे राहिले. रॉड्रिग्ज पंजाबचे राज्यपालपद भूषवून गोव्यात स्थायिक झाले होते. तेथेच ४ मार्च २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन महिनेही लोटले नव्हते, तोच २५ मे रोजी नाशिकच्या त्याच विद्यालयात कॅप्टन अभिलाषा बराक यांना पंख प्रदान झाले आणि भूसेनेला पहिली स्त्री लढाऊ वैमानिक मिळाली.

रॉड्रिग्ज यांच्या कारकिर्दीचे मोल नुसत्या हुद्द्यात नाही. वरून संपूर्ण रणांगण पाहूनही खालच्या गोलंदाजाशी भाषा तुटू न देणे, हे हवाई निरीक्षकाचे इमान असते, आणि उच्चपदस्थाला याहून उपयोगी दुसरी शिकवण क्वचितच असेल. मालगुंडसारख्या कोकणातील गावांतल्या मुलामुलींना मुंबईची वाट आणि जहाजाची वाट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अशा कारकिर्दीकडे नेणारी खडकवासल्याची वाट मात्र तितकीशी ठाऊक नाही. राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून दहावी झालेल्या मुलांची त्यासाठी तयारी करून घेते, आणि २०२२ पासून प्रबोधिनीचे दार मुलींनाही खुले झाले आहे. तेव्हा दहावीच्या वर्गाला शिकविणाऱ्या शिक्षकांनी ही माहिती फळ्यावर लिहावी, आणि पालकांनी ती आपल्या मुलींपासूनही दडवू नये, एवढीच विनंती.