माउंट झालं, पण काम झालं का?

लिनक्सवर एनएफएस क्लायंट उभा करणं पाच मिनिटांचं काम आहे. उबंटू-डेबियनवर एनएफएस-कॉमन, फेडोरा किंवा रेड हॅटवर एनएफएस-यूटिल्स हे पॅकेज टाका, एक रिकामी डिरेक्टरी बनवा, माउंटची आज्ञा द्या. सर्व्हरवरच्या फाइली समोर हजर. गैरसमज त्यानंतर सुरू होतात, आणि त्यातला सगळ्यात महागात पडणारा म्हणजे ‘सॉफ्ट’ पर्यायाचा.

सर्व्हर बंद पडला की क्लायंटवरचे प्रोग्राम थिजतात. साधी ‘एलएस’ दिली तरी प्रॉम्प्ट परत येत नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘सॉफ्ट’ लाव, अडकणार नाही. खरं तर हे अडकणं हा बिघाड नसून बंदोबस्त आहे. ‘हार्ड’ माउंटमध्ये, म्हणजे काहीच न लिहिता मिळतो त्या माउंटमध्ये, क्लायंट तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवतो आणि सर्व्हर उठला की काम थांबल्या जागेवरून पुढे सरकतं. ‘सॉफ्ट’मध्ये ठरावीक प्रयत्नांनंतर तो प्रोग्रामला एरर देऊन मोकळा होतो. लिहिलेला मजकूर आधी क्लायंटच्या मेमरीत थांबतो, त्यामुळे ही एरर बरेचदा फाइल बंद करताना कळते, आणि तेव्हा ती तपासण्याची तसदी कितीतरी प्रोग्राम घेतच नाहीत. फाइल अर्धवट राहते आणि कुणाला पत्ता नसतो. नुसतं वाचायचं असेल तिथं ‘सॉफ्ट’ चालेल; डेटाबेस किंवा बॅकअपसाठी नको.

शिवाय उत्तराची किती वेळ वाट पाहायची ते ठरवणाऱ्या ‘टाइमओ’ पर्यायाचा आकडा सेकंदांत नसतो, सेकंदाच्या दहाव्या भागांत असतो. ३० लिहिणाऱ्याला तीनच सेकंद मिळतात. अडकलेला प्रोग्राम थांबवता यावा म्हणून जुन्या लेखांत सुचवलेला ‘इंटर’ पर्याय कर्नल २.६.२५ पासून निव्वळ शोभेचा आहे. तेव्हापासून अडकलेला प्रोग्राम ‘किल’च्या ९ क्रमांकाच्या सिग्नलने थेट मारता येतो.

‘दोन्ही मशीनवर एकाच नावाचा युजर आहे, मग परवानगी का नाही?’ हा नेहमीचा प्रश्न. नेहमीच्या ‘सिस’ सुरक्षेत सर्व्हर नाव पाहतच नाही, युजरचा क्रमांक पाहतो. इथं १००० आणि तिथं १००१ असेल तर नाव एक असूनही माणसं दोन. रूटचं तर उलटंच: क्लायंटवर सर्वेसर्वा असलेला रूट ‘रूट-स्क्वॅश’मुळे पलीकडे ‘नोबडी’ होतो. एवढ्यानं निर्धास्त होऊ नका. क्लायंट सांगेल तो क्रमांक सर्व्हर खरा मानतो, आणि आपल्या लॅपटॉपवर ज्याला रूट आहे तो हवा तो क्रमांक धारण करू शकतो.

‘आम्ही एनएफएसची आवृत्ती ४ वापरतो, म्हणजे एन्क्रिप्शन आलंच’ हाही भ्रम. आवृत्ती ४ आपोआप काही एन्क्रिप्ट करत नाही. त्यासाठी केर्बेरोसचा ‘केआरबी५पी’ पर्याय किंवा अलीकडे आलेली टीएलएसची सोय मुद्दाम लावावी लागते. फायरवॉलचं काम मात्र तिनं खरोखर सोपं केलं: आवृत्ती ३ ला १११ क्रमांकाच्या पोर्टसह इतर सेवांचे पोर्ट लागतात, हिला एकटा २०४९ पुरतो. म्हणूनच ‘शोमाउंट’ला उत्तर आलं नाही तर लगेच हात टेकू नयेत. ती आज्ञा जुन्या माउंट सेवेला विचारते. फक्त आवृत्ती ४ देणाऱ्या सर्व्हरवर ती अपयशी ठरते आणि माउंट मात्र सुरळीत होतं.

वेगासाठी ‘आरसाइझ’ आणि ‘डब्ल्यूसाइझ’चे, म्हणजे एका विनंतीत किती वाचायचं-लिहायचं त्याचे, आकडे घालण्याची हौस सोडून द्यावी. क्लायंट आणि सर्व्हर ते आपसात ठरवतात, आणि जुन्या लेखातून उचललेल्या ८१९२ ने वेग उलट घटू शकतो.

बूटच्या वेळी करायच्या माउंटची यादी असलेल्या एफएसटॅबमध्ये ‘_नेटडेव्ह’ लिहिलं की बूट अडकणार नाही, असं अनेकांना वाटतं. एनएफएस नेटवर्कचं आहे हे सिस्टमडी न सांगताही ओळखतं. ‘_नेटडेव्ह’नं फक्त आधी नेटवर्क, मग माउंट हा क्रम ठरतो. बंद सर्व्हरमुळे बूट रखडू नये यासाठी ‘नोफेल’ लागतं, किंवा पहिल्या वापराच्या वेळी माउंट करणारं ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’. पण नुसतं ‘नोफेल’ लावलं आणि माउंट झालंच नाही, तर रात्रीचा बॅकअप त्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे स्थानिक डिस्कवरच, बिनबोभाट उतरतो. पुढे माउंट झालं की त्या फाइली त्याखाली झाकल्या जातात आणि डिस्क कशानं भरली ते शोधूनही सापडत नाही. बॅकअपच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ आणि त्या डिरेक्टरीचा मार्ग लिहा. मग माउंट फसलं तर बॅकअप सुरूच होणार नाही.