अत्तरवाल्याची तागडी

अकराव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलवर कादंबरी लिहायला घेतली की आधी हाती लागतो तो राजवाडा. मिखाईल प्सेलॉस हा दरबारातला लेखनिक. सम्राज्ञी झोई आपल्या दालनात दासींकडून सुगंधी द्रव्यं करवून घेई, त्यासाठी भर उन्हाळ्यातही तिथे शेगड्या पेटलेल्या असत, हे त्याने लिहून ठेवलं आहे. पण तो कच्चा माल कुठून आला, कोणी तोलून दिला, हे तो सांगत नाही. दरबारी माणसाला दुकानाशी काय देणंघेणं!

मग मी दहाव्या शतकातला एक नियमसंग्रह उघडतो. एपार्क म्हणजे शहराचा मुख्य कारभारी. त्याने व्यापाऱ्यांना घालून दिलेले नियम त्यात आहेत. अत्तरवाल्यांनी मिलिओन या मैलदर्शक वास्तूपासून राजवाड्याच्या खाल्के दरवाजापर्यंत दुकानं मांडायची, म्हणजे सुवास दरवाजावरच्या ख्रिस्ताच्या चित्रापर्यंत पोचेल. विकायला मिरे, जटामांसी, दालचिनी, कस्तुरी. यांतले मिरे आणि जटामांसी भारतातून गेलेले. तागडीत तोलतात तेवढाच माल त्यांचा, मोठ्या काट्यावरचा किराणा विकायला बंदी.

बंदी दिसली की मी थांबतो. कोणी तसं करतच नसतं, तर नियम कशाला केला असता? माझा अत्तरवाला त्या ओळीत सापडतो : फळीमागे चोरून किराणा ठेवणारा. पहिल्या खर्ड्यात तिथे खारवलेली मासळी होती. पण तिचा वासच फितूर होईल, म्हणून आता मधाचा बुधला आहे.

नियम आणि माझी गोष्ट यांत शतकाहून अधिक अंतर आहे. म्हणून त्यातली जागा आणि धंद्याची रीत घेतो, बारीकसारीक कलमं सोडून देतो.

एप्रिल 1042मध्ये सम्राट पाचव्या मायकेलने झोईला बेटावर धाडलं आणि शहर उठलं. एरवी घराबाहेर न दिसणाऱ्या बायकाही रस्त्यावर उतरल्या, असं प्सेलॉस लिहितो. जमाव राजवाड्यावर चालून गेला, आणि माझ्या माणसाची फळी नेमकी राजवाड्याच्या तोंडाशी. प्सेलॉसने लिहिलं तेव्हा त्याला शेवट माहीत होता : झोई परतली, मायकेलचे डोळे काढले गेले. अत्तरवाल्याला यातलं काही माहीत नाही. त्यामुळे ‘सत्तांतर’सारखे शब्द मी त्याच्या प्रकरणातून खोडतो आणि त्याच्या डोक्यात एकच हिशेब ठेवतो : झोईच्या दासींकडची उधारी. नोमिस्मा म्हणजे सोन्याचं नाणं, तांब्याचे 288 फोलिस. तशी तीन येणं आहेत. झोई परत आली तरच पैसे सुटतील. जमावात शिरायला त्याला एवढं कारण पुरतं.